देवीच्या साड्या

दर सोमवारी सकाळी आमच्या लाँड्रीत देवीच्या साड्या यायच्या. चार गल्ल्या सोडून एका इमारतीत खाली सायकलदुरुस्तीचं दुकान आणि पहिल्या मजल्यावर देवीचं देऊळ होतं. पुजाऱ्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. त्या स्वतः गाठोडं घेऊन यायच्या. मग आई गिऱ्हाइकांचे शर्ट बाजूला सारायची, टेबलावर धुतलेली चादर अंथरायची, इस्त्रीचा तळ पुसून घ्यायची. शाळेला जायच्या आधी साडीचं दुसरं टोक धरायचं काम माझं.

देवळात मात्र आई कधी जायची नाही. "तिचे कपडे माझ्याकडे येतात, तेवढी ओळख पुरे," म्हणायची. खरं कारण मला बाबांकडून कळलं होतं. माझ्या पाठची बहीण दहा दिवसांची होऊन गेली, तेव्हापासून आईने हात जोडणं सोडलं होतं. घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे.

मी बारा वर्षांची असेन. त्या सोमवारी शाळेला सुट्टी होती. टेबलावर जांभळी रेशमी साडी होती. फोन वाजला, आईने तो उचलला आणि इस्त्री साडीवरच राहिली. वास आला तशी मी ओरडले. साडीच्या मधोमध तळहाताएवढा डाग पडला होता. आईच्या तोंडचं पाणी पळालं.

कपडे पोचवून बाबा परत आले. डाग बघून म्हणाले, "हुबेहूब दुसरी आणून देऊ. काकूंना पत्ताही लागणार नाही."

"काकूंना नाही लागणार. जिची आहे तिला लागेल ना!" आई म्हणाली. तिने साडी कागदात गुंडाळली, मला बरोबर घेतलं आणि निघाली.

देवळात काकू एकट्याच होत्या. आई दाराबाहेरच थांबली.

"काकू, माझ्या हातून साडी जळली."

काकूंनी साडी उलगडली, डागावरून बोट फिरवलं. "माझ्या हातून तर एकदा तिच्या अंगावर अख्खा कप चहा सांडलाय. तिने काही मनावर घेतलं नाही. ये आत. बरी आलीस तू. माझे हात हल्ली थरथरतात, निऱ्या धरवत नाहीत. आज तूच नेसव."

"मी? छे, मला नाही जमायचं."

"इतकी वर्षं तिच्या साड्या कोण हाताळतंय मग?"

आईने चपला काढल्या. पडद्याआड काकूंनी आदल्या दिवशीची साडी सोडली, मूर्तीला आंघोळ घातली आणि आईच्या हातात पंचा दिला. आई जागच्या जागी थबकली. त्या लांबलचक साड्यांवरून आम्हा दोघींना वाटायचं, देवी माणसाएवढी तरी असेल. समोर होती काळ्या दगडाची, जेमतेम दोन वितींची मूर्ती. नाक झिजलेलं, खांद्यांवर पाण्याचे थेंब.

"एवढीशी आहे ही?" आईने विचारलं. "काकू, एवढीशी?"

"एवढीशीच गं. सगळ्या जगाची आई, पण अंग पुसायला आपण लागतो."

आई खाली बसली. आधी तिने मूर्तीची पाठ टिपली, मग मान, मग गळ्याखालची खोबण. तान्ह्या बाळाचं अंग टिपतात तशी. टिपता टिपता ती रडायला लागली. काकू पाठमोऱ्या होऊन फुलांचे देठ खुडत राहिल्या. आईला रडताना मी पहिल्यांदाच बघत होते. कुठे बघावं कळेना.

मग तिने तीच साडी घड्या घालून नेसवली. डाग आत गेला. एवढ्याशा अंगावर एवढी साडी बसवायला तिला तासभर लागला. शेवटी तिने हात काही जोडले नाहीत. मूर्तीच्या गालावरून फक्त बोटं फिरवली.

पुढे अकरा वर्षं आईच देवीला साडी नेसवत होती. तोंडाने सारखं चालूच असायचं, "सरळ उभी राहा. हलू नकोस गं."

"ती कुठे हलतेय?" काकू हसायच्या.

बाबा घरी चिडवायचे, "आज तुमची लेक कुठल्या रंगात?"

"पिवळ्यात. तिला खुलून दिसतो," आई अगदी गंभीरपणे सांगायची.

लेक हा शब्द आमच्या घरात असा सहज वावरायला लागला. एकदा चादरींच्या घड्या घालताना आई आपणहून म्हणाली, "तुझ्या बहिणीला जावळ केवढं होतं, माहितीये?" आणि मग कितीतरी वेळ त्या दहा दिवसांबद्दल बोलत राहिली.

बाबा गेले, लाँड्री बंद झाली, आई माझ्याकडे राहायला आली. काकूही आता नाहीत. गेल्या वर्षी आम्ही दोघी देवळात गेलो, तेव्हा काकूंची सून साडी नेसवायच्या तयारीत होती. आईला बघून ती गडबडली. "मावशी, तुम्हीच नेसवा ना आज."

"नको. तू नेसव, मी बघते." आई खुर्चीवर टेकली. मध्ये एकदाच बोलली, "आधी पंखा बंद कर बाई. ओली आहे ती."

परत येताना जिन्यावर तिने माझा दंड घट्ट धरला होता.

"नीट करते गं ती पोर," ती म्हणाली. "घाई करत नाही."