ठसा मोडायचा नियम

ताईनं नवं घर घेतलं तेव्हा दाराची किल्ली हातात धरून फोटो काढला आणि घरातले सगळे वापरायचे त्या ॲपवर टाकून साऱ्या जगाला दाखवला. त्या फोटोत किल्लीचा एकेक दात स्पष्ट दिसत होता. मी कुलूपवाला, वीस वर्षं किल्ल्याच घासतोय. फोटो मोठा करून पाहिला, कानस घेतली आणि दुसऱ्या दिवशी बेल न वाजवता तिच्या घरात जाऊन सोफ्यावर बसलो. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली ती किंचाळलीच.

"बघितलंस? हे कुणालाही जमलं असतं," मी म्हटलं.

"कुणालाही नाही, तुलाच. एवढा रिकामटेकडा दुसरा कोण आहे?"

महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मला मात्र चेव चढला. ते ॲप आपले फोटो, आपली बडबड, आपली दुखणीसुद्धा विकतं, म्हणून मी घरात एकेकाला फैलावर घेतलं. तिथलं माझं खातं बंद केलं आणि शोधून शोधून दुसरं ॲप निवडलं. जाहिरात नाही, पाळत नाही, आणि पाठवलेला निरोप आठ दिवसांनी आपोआप पुसला जाणार. ती आठ दिवसांची मुदत मीच घातली. आमच्या धंद्यात किल्लीचा मेणावर ठसा घेतला, तर काम झाल्यावर तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडायचा असतो. वडिलांनी घालून दिलेला नियम. तोच मी निरोपांना लावला आणि स्वतःवर भलताच खूश झालो.

बोलावलं अकरा जणांना. आली एकटी आई. बाकीचे "बघू रे" म्हणाले आणि होते तिथंच राहिले. ताईनं तर तोंडावर सांगितलं, "तुझ्या तिजोरीत तूच बस."

आई एकटी राहायची, माझ्या घरापासून दोन तासांवर. तिचा फोन हातात घेऊन मीच जुनं ॲप काढलं, नवं घातलं. टाइप करायचा तिला कंटाळा, म्हणून ती बोलून पाठवायची. रोज. कोपऱ्यावरचं दुकान बंद झालं, गुडघा आज बरा आहे, शेजारणीनं मोठ्ठा पंखा आणलाय पण वारा काही लागत नाही. मी दुकानात मशीनच्या घरघरीत अर्धं ऐकायचो, अंगठ्याचं चित्र पाठवायचो, पुन्हा कामाला लागायचो. अशी दोन वर्षं गेली. त्यातला एकही निरोप जपला नाही. जपायचं नाही, यासाठीच तर एवढा आटापिटा केला होता.

शेवटचा निरोप अकरा मिनिटांचा होता. मंगळवारी दुपारी आला. एका शाळेचं लोखंडी कपाट अडलं होतं आणि माझे हात ग्रीसनं बरबटलेले. अकरा मिनिटं! हिला ना वेळेचं भान नाही, असं म्हणून मी चरफडलो. निवांत ऐकू म्हटलं. शुक्रवारी ती गेली, खुर्चीत बसल्या बसल्या.

मग माणसं येत राहिली, कागदपत्रं झाली, तिच्या चपला कुणी घ्यायच्या यावरही बोलणं झालं. तो निरोप मला आठवत नव्हता असं नाही. ऐकायचा धीर होत नव्हता. मुदतीचं मात्र साफ विसरलो. पुढच्या गुरुवारी दुकान उघडलं, स्टुलावर बसलो आणि ॲप उघडलं. आईचं नाव होतं. खाली काहीच नव्हतं.

ॲपवाल्यांना लिहिलं. पंधरा मिनिटांत अगदी सभ्य उत्तर आलं, की आमच्याकडे काहीही राहत नाही, हेच आमचं वचन आहे. मी फोन गल्ल्यावर आपटला. राग कुणावर काढणार? वचन त्यांनी पाळलं होतं.

संध्याकाळी ताईकडे गेलो. या वेळी बेल वाजवली.

"तुझ्याकडे आईचं बोलणं आहे का गं काही?"

ती बराच वेळ फोनमध्ये मागे मागे जात राहिली. "हे शेवटचं. दोन वर्षांपूर्वीचं. पुढे तू तिला घेऊन गेलास."

तिनं लावलं. आईचा आवाज, मागे कुकरची शिट्टी. "अगं, मी आता त्याच्या त्या नव्या ॲपवर जातेय. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही बाई. पण कुणीच गेलं नाही तर तो एकटा पडेल गं."

मी हमसाहमशी रडलो. ताईही रडली, पण राग सोडला नाही.

"मला पाठव ना."

"पाठवते. तिकडे नाही पाठवणार पण. तिकडे काही टिकत नाही. तू इकडे ये."

त्याच सोफ्यावर बसून मी जुन्या ॲपवर पुन्हा खातं उघडलं. त्यानं नंबर मागितला, दिला. तुमचे फोटो बघू का? बघ. तुमच्या ओळखीच्यांची यादी? घे. माइक? ऐक बाबा, तुला काय ऐकायचं ते ऐक.

ताईचा निरोप यायच्या आधीच ॲपनं एक चेहरा पुढे केला. निळ्या स्वेटरमधली आई. फोटो मीच काढलेला. तिच्या फोनवरून मी नुसतं ॲप काढलं होतं, खातं बंद करायचं राहूनच गेलं होतं. फोटोखाली लिहिलं होतं : तुम्ही यांना कदाचित ओळखत असाल.