मी बाँब नाही, कुकर आहे

मी कुकर बोलतोय. हौसेनं नाही, बोलायला लावलंय म्हणून. क्राइस्टचर्चच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात एक पान रिकामं राहिलं, तर आमच्या अनुराधानं मला ओट्यावर मधोमध ठेवलं आणि म्हणाली, "बोल बाबा तूच, काय ते एकदा." आता मी काय बोलणार? शाळा मी पाहिली नाही. अंगावर अक्षरं कोरली, तेवढंच माझं शिक्षण.

ती अक्षरं अशी: 'चि. सौ. कां. अनुराधा हिस सुरेशमामाकडून सप्रेम भेट'.

पुण्यात रविवार पेठेतल्या दुकानात मामांनी मला घेतलं. सगळे कुकर ठोकून पाहिले. दुकानदार वैतागला, "काका, कलिंगड घेताय का?" मग नाव घालणाऱ्यानं मशीन टरटर फिरवलं. दुखलं, पण आपण कुणाचे ते कळलं. अनुराधाला वडील नव्हते. मामांनीच वाढवलं, मामांनीच लग्न लावलं.

ती मला बॅगेत घालून इकडे क्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात आली. पोटात नवऱ्याचे मोजे कोंबले होते. ती हॉस्पिटलात फार्मसिस्ट, नवरा इंद्रनील आयटीत. माझी पहिली शिट्टी ऐकून शेजारचा गोरा म्हातारा कुंपणाशी धावत आला, "ऑल गुड, मेट?" पुढं त्याला सवय झाली. वरण-भात, छोले, बटाटे, काही म्हणा, मी कधी कच्चं ठेवलं नाही.

मग ती टीव्ही मालिका आली. न्यूझीलंडचे सैनिक दूरच्या कुठल्या डोंगराळ देशात बंडखोरांशी लढतात, अशी काहीतरी. चित्रीकरण इथल्याच उघड्याबोडक्या डोंगरांत. गर्दीसाठी सावळी, दाढीवाली माणसं हवी होती. इंद्रनीलनं दाढी वाढवली आणि बंडखोर झाला. घरात झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा माणूस!

त्या लोकांना बाँब म्हणून दाखवायला जुनं भांडं हवं होतं. हा म्हणाला, "माझ्याकडे आहे ना. स्वीट ॲज!" म्हणजे इथल्या बोलीत, काही चिंता नको. अनुराधा ड्युटीवर होती. तिला विचारलं? नाव नको.

सेटवरच्या बाईनं मला उलटंपालटं करून पाहिलं. माझी अक्षरं तिला नक्षी वाटली. "ब्यूटिफुल! ही बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा." मग ड्रिल लावून माझ्या कमरेला भोक पाडलं, वायर बाहेर लोंबायला पाहिजे म्हणून. इंद्रनील शेजारी उभा राहून सँडविच खात होता.

मला मातीत पुरलं, काढलं, परत पुरलं. सैनिक पालथे पडून माझ्याकडे घामाघूम होऊन बघत होते. आजवर मला बघून लोकांना भूक लागायची.

घरी आणल्यावर त्यानं भोकात लांबी भरली, वर रंग फासला. भोक हँडलच्या आड, त्यामुळे दिसेना. पण वाफ धरवेना.

"अरे, शिट्टीच होत नाहीये याची," अनुराधा म्हणाली.

"रिंग गेली असेल गं. म्हातारा झालाय तो. टाकून दे, नवीन घेऊ."

"मामाचा आहे तो!"

उन्हाळ्यात मामा आले. बॅगेतून आधी काय काढलं, तर माझ्यासाठी पुण्याहून आणलेल्या रिंगा आणि नवी शिट्टी. रिंग बसवली, शेगडी लावली, कान लावून उभे राहिले. काही नाही. दुसरी रिंग लावली. तरी नाही. मामा हळूच म्हणाले, "पोरी, माझीच चूक. तेव्हा हात आखडता होता. हलका माल घेतला असणार मी."

इंद्रनील तिथंच संत्रं सोलत होता. त्यानं ऐकलं. सोलत राहिला.

त्यानंतर मामा माझ्याकडे बघायचेच नाहीत. जेवताना भात वाढला की मान खाली.

मालिकेत इंद्रनील दिसणार म्हणून त्या रविवारी मंडळातली मंडळी घरी जमली. बटाटेवडे झाले. पडद्यावर दाढी, हात, माती, सैनिक, मागे ढोल. आणि मग अख्ख्या पडद्यावर मी! अक्षरं टपोरी, एकन् एक वाचता येईल अशी.

"अगं अनुराधा," मंडळातली कांचन किंचाळली, "शत्रूकडे तुझा आहेर!"

हसून हसून लोक सोफ्यावर लवंडले. मामा हसले नाहीत. चष्मा सावरत टीव्हीजवळ गेले. "ही वायर कुठून काढलीय?"

मामा स्वयंपाकघरात आले, मला उचलून दिवाणखान्यात नेलं आणि हँडलच्या आड नखानं खरवडलं. लांबी भुगा होऊन गालिच्यावर पडली. भोकातून त्यांनी दिव्याकडे बघितलं.

"म्हणजे माल हलका नव्हता," मामा म्हणाले. "मी चांगला घेतला होता."

"चांगलाच होता रे मामा," अनुराधा म्हणाली. इंद्रनीलकडे तिनं असं पाहिलं, की तो बाहेर जाऊन जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून अंगणात उभा राहिला.

पुढं त्यानं मामांचे पाय धरले. अनुराधाची माफी मागितली, मराठीत आणि मग इंग्रजीत. मंडळाच्या ग्रुपवर सुद्धा सॉरी टाकलं. नवा कुकर आणला. तो शिट्ट्या मारतो. मारू दे.

माझ्यात आता तांदूळ असतात. भोकाला बूच आहे. नाव पुढं दिसेल असंच ठेवायचं, असा अनुराधाचा हुकूम आहे. रात्रीचा भात आता इंद्रनीलकडे लागलाय. रोज माझ्या पोटात हात घालतो, वाटीभर तांदूळ काढतो, झाकण लावतो आणि जातो.

तुम्हाला एवढंच सांगणं, दुसऱ्याचं भांडं उचलण्याआधी विचारा. त्यावर नाव असेल तर वाचा तरी.

सगळ्यांची माफी मागून झाली. ज्याच्या कमरेला भोक पडलं, त्याची तेवढी राहिली. कुणी मागायची ते सांगायला मी भीत नाही. इंद्रनील सबनीस.