बोडकी मान

वरणात केस सापडला तेव्हा इंदूबाईंना आधी आपलाच वाटला. बोटाने ओढला तर आखूड पांढऱ्या केसांचा ओला पुंजका बाहेर आला. ताट सरकवून त्या मोरीशी गेल्या आणि जेवलेलं सगळं ओकून आल्या.

एकसष्ट सालच्या दिवाळीत इंदूबाईंच्या नवऱ्याचे, शेषरावांचे साहेब अकोल्याहून बदलून गेले. जाताना त्यांनी आपली सशांची जोडी शेषरावांच्या गळ्यात मारली. जठारपेठेत दोन खोल्यांचं बिऱ्हाड. शेषरावांनी वरूडच्या संत्र्यांची रिकामी पेटी आणली, पुढे जाळी ठोकली आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. इंदूबाई शाळेत शिकवत. त्यांना घर लख्ख लागे. आता घरभर मुताचा वास होता आणि अंथरुणापासून पिठाच्या डब्यापर्यंत केस.

शेषरावांना मात्र कौतुक. मोठा ससा धाकटीचं डोकं, मान तासन् तास चाटत बसे.

"पाह्य, किती जीव आहे तिच्यावर," ते म्हणत. "नवरा-बायको आहेत."

"जीव कायचा? मान बोडकी करून टाकली तिची."

"लाडानं करते तो."

माघात शेषराव खात्याच्या परीक्षेसाठी पंधरा दिवस अमरावतीला, राजापेठेत भावाकडे गेले. पेटी साफ करणं इंदूबाईंवर आलं. नाकाला पदर बांधून त्या एका रविवारी पेटीसमोर बसल्या आणि पहिल्यांदा नीट पाहिलं. मोठ्याने धाकटीच्या पाठीवर पाय रोवला, मानेचे केस दातांत धरले, हिसका दिला आणि चावून गिळले. खालची कातडी लाल, लाळेने चिकट. इंदूबाईंनी काडीने त्याला मागे ढकललं. तर धाकटी सरपटत गेली आणि तिने पुन्हा आपली मान त्याच्या तोंडाखाली दिली.

मोठ्याची किळस होतीच. धाकटीची त्याहून जास्त आली.

दोन दिवसांनी मोठ्याने खाणं सोडलं. लेंड्या केसांत ओवलेल्या पडू लागल्या. एक माळ तर शेपटीखाली अर्धी लोंबत होती. मरू दे, असं इंदूबाईंच्या मनात आलं. मग मेल्यावर उचलावं कोणी, असंही आलं. त्यांनी सायकलरिक्षा केली आणि पेटी ढोरांच्या दवाखान्यात नेली.

तिथले कंपाउंडर देवराव. त्यांनी मोठ्याला उताणं करून पाहिलं.

"बाई, हा नर नाही. दोन्ही माद्या आहेत. खायले काय देता?"

"भाकर. कोबीचा पाला."

"वाळलं गवत?"

"नाही."

"म्हणून केस खाऊन राहिली. चोथा पाहिजे तिले. अन् एवढ्याशा पेटीत दिवसभर करन काय? तेच केस आता पोटात अडकले."

"मंग ती दुसरी पयत काहून नाही?"

"पयन कुठं? पेटीत जागा हाय का?"

त्यांनी तेलकट औषधाची बाटली दिली. "चमच्यानं पाजा, पोट चोळा. लोंबते ते हातानं काढा, हळूच."

"मी?"

"मंग कोण?"

तीन दिवस इंदूबाई जुन्या लुगड्याच्या धडप्यात मोठीला गुंडाळून मांडीवर घेत, तोंड फिरवून पोट चोळत. तिसऱ्या दुपारी बोटाएवढा काळपट, बुळबुळीत केसांचा बोळा बाहेर आला. त्यांनी तो कागदात गुंडाळून उकिरड्यावर नेला, साबणाने तीनदा हात धुतले आणि तरी रात्री चमच्यानेच जेवल्या. मोठी मात्र कुरुकुरु वाळलं गवत खात होती.

सुताराकडून त्यांनी मोठी पेटी करून घेतली आणि मधोमध जाळी ठोकवली. शेषराव परतले तोवर धाकटीच्या मानेवर लव फुटली होती.

"काहून वेगळं केलं यायले? पाह्य, कसे उदास बसले. उद्या सोडू एकत्र."

"सोडा," इंदूबाई ताट वाढत म्हणाल्या. "मंग पुढच्या खेपेस पोट चोळाचं अन् मागचं ओढून काढाचं काम तुमचं."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. माळ, बोळा, त्याचा वास, काही वगळलं नाही. शेषराव अर्ध्या ताटावरून उठले.

जाळी तशीच राहिली. पेटी आता शेषराव साफ करत, नाकाला रुमाल बांधून. धाकटी दिवसभर जाळीला मान टेकवून बसे आणि पलीकडून मोठीची जीभ जिथवर पोचेल तिथवर पोचे. इंदूबाईंना ते पाहवत नसे. त्या भाजी निवडायला बसत त्या पेटीकडे पाठ करूनच.