गिरजाबाईंची सही

चित्राने विसार पावतीवर सही करायला पेन उघडलं, तेवढ्यात घर विकणाऱ्या सोजराबाईंनी कागदावर तळहात ठेवला.

"थांब, बाई. एवढ्यात नको करू."

मोशीतला हा फ्लॅट चित्राला पहिल्याच भेटीत आवडला होता. चिंचवडला भाड्याच्या घरांत तेरा वर्षं काढल्यावर कुठे तिची आणि सुरेंद्रची स्वतःचं घर घ्यायची ऐपत झाली होती.

"आये, तू चहा टाक ना," सोजराबाईंचा मुलगा पिंटू घाईने म्हणाला.

त्या जागच्या हलल्या नाहीत.

"सासऱ्यांची जमीन बिल्डरला दिली, तिच्या बदल्यात हे घर मिळालं. जमिनीत माझ्या नणंदेचाबी हिस्सा व्हता. गिरजाबाईंचा. त्यांना कुणी इचारलंच न्हाई. त्यांची सही असल्याबिगर तू घर घिऊ नको. उद्या त्या कोर्टात गेल्या, तर तुझं कसं व्हायचं?"

पिंटू उठून गॅलरीत गेला.

परतताना सुरेंद्र म्हणाला, "सोडून देऊ. मोशीत घरांना काय तोटा?"

"त्या गप्प बसल्या असत्या तर आपल्याला कळलंही नसतं," चित्रा म्हणाली. "अशा माणसाकडूनच घर घ्यावं. थांबू आपण."

भाड्याचं घर सोडायची तारीख जवळ आली होती. घरमालकाची मनधरणी करून चित्राने ती दोन महिने पुढे ढकलली. वकिलाने सगळे कागद पुन्हा मुळापासून तपासले. पिंटू आधी धुसफुसला, मग एका रविवारी आईला घेऊन आत्याच्या दारात गेला. हिश्शाचं ठरलं.

नोंदणीच्या दिवशी गिरजाबाईंनी एकेक अक्षर जुळवत सही केली. कचेरीबाहेर येताच चित्रा सोजराबाईंच्या पायाशी वाकली.

"तुमच्यामुळे वाचलो, आजी."

"माझं काय गं त्यात?" सोजराबाईंनी तिला दोन्ही हातांनी उठवलं. "तू दुसरं घर बघितलं असतंस, तर ह्या गिरजाबाईंच्या दारात जायची मला हिंमत झाली असती व्हय? सतरा वर्सं बोललो न्हवतो आमी."

 

पिंटूने गाडी आणून समोर उभी केली. सोजराबाई तिकडे वळणार, तोच गिरजाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"वैनी, आज माझ्याकडं जेवायचं."

सोजराबाईंनी पिंटूला हातानेच जा म्हणून खुणावलं.