देव्हाऱ्यातलं गॅस्केट

गंगाधररावांची पांढरी गाडी बुढापारा मोहल्ल्याच्या गल्लीत शिरली की पाळण्यातली पोरं दचकून उठत आणि तलावावरचे बगळे उडत. अडतीस वर्षं ती अशीच फटफटत होती. गंगाधरराव जाऊन सहा वर्षं झाली, पण फटफट मागे राहिली. दर रविवारी शर्मिष्ठाबाई त्या गाडीतून बुढा तलावाला एक फेरी मारत. मुलगा रणजित चालवायचा, कपाळाला आठ्या घालून.

शेवटी गल्लीनं सह्यांचा कागद आणून दिला. रणजित म्हणाला, "आई, रविवारपर्यंत आवाज बंद झाला तर ठीक. नाही तर सोमवारी उरला गावचा भंगारवाला येऊन राहिला. मी त्याले हो म्हटलं आहे."

त्या दिवशी शर्मिष्ठाबाईंनी भाजीत मीठ दोनदा घातलं.

शनिवारी दिवाकर मिस्त्री आला. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघत राहिला.

"काकी, इंजिनातला धूर नळीत जाते ना, त्या जोडात गॅस्केट असते. ते जळलं की धूर फटीतून बाहेर पडते, म्हणून हा आवाज. पण इथं गॅस्केटवर तुपाच्या डब्याचे पत्रे लावले आहेत. थरावर थर. साहेबांनी नवं काहून नाही टाकलं?"

"आता टाक की."

"या गाडीचं तेव्हाही मुश्किलीनं भेटे, आता तर कुठंच भेटत नाही."

तरी माणूस दारी आला होता, म्हणून शर्मिष्ठाबाईंनी त्याला आत बसवून चहा दिला. दिवाकर देव्हाऱ्यासमोर बसला. बशी ओठांशी नेली आणि तिथंच थांबला.

"काकी, हे काय आहे?"

"सासूबाईंचं यंत्र. फार जागृत आहे."

तांब्याची लांबट पट्टी, मधोमध चार मोठी भोकं, कडेनं सहा लहान. हळदीकुंकवानं माखलेली, वर जास्वंद. शहाऐंशी साली सासूबाईंनी गंगाधररावांना नागपूरहून एका महाराजांकडचं सिद्ध यंत्र आणायला सांगितलं होतं. ते आले, आईनं पिशवीत हात घातला, तांबं दिसताच डोळ्यांना लावलं आणि सरळ देव्हाऱ्यात ठेवलं. दर गुरुवारी चिंचेनं घासून दुधाचा अभिषेक. पाऱ्यातल्या बायका नवस बोलू लागल्या. समोरच्या चेतनाला जुळी झाली तीसुद्धा या यंत्रापुढेच ओटी भरल्यावर.

दिवाकर चाचरत म्हणाला, "काकी, हे गॅस्केट आहे. याच गाडीचं. अजून एकदाही न वापरलेलं."

शर्मिष्ठाबाई पाटावर बसल्या. त्यांना एकेक आठवू लागलं. गंगाधरराव तसे देवाधर्माचे नव्हते, पण यंत्रापुढे रोज हात जोडून उभे राहत, त्या चार भोकांकडे टक लावून, आणि मग मोठा सुस्कारा सोडत. सासूबाई म्हणत, पोरगा सुधरला. त्यानंतर ते अंगणात जात आणि कात्रीनं डब्याचा पत्रा कापत बसत.

"बाबा यंत्र आणायला विसरले होते, पिशवीत नुसतं गाडीचं गॅस्केट होतं," दाराशी उभा असलेला रणजित हळूच म्हणाला. "मग सांगितलं काहून नाही?"

"तुझ्या आजीले? कोण सांगणार होतं? आणि ती गेली तोवर सगळ्या पाऱ्याचे नवस त्याच्यावर चढले होते."

त्यांनी जास्वंद उचलून बाजूला ठेवली आणि यंत्र दिवाकरच्या हातात दिलं. एवढ्यात गुरुवारी राहून गेलेल्या अभिषेकाचं दूध घेऊन चेतना दारात उभी.

"काकी, देव काढून सायलेन्सरले लावणार तुम्ही?"

"अडतीस वर्षं बसून दूध प्यायला. आता जरा काम करू दे."

"गल्ली काय म्हणेल?"

"गल्लीलेच आवाज नको आहे. कागदावर तुझी सही सगळ्यात वर आहे, चेतना."

चेतना दूध घेऊन परत गेली नाही, गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

दिवाकरनं इंजिन थंड असल्याची खात्री केली, गंजलेल्या नटांवर तेल सोडलं, जुन्या गॅस्केटची काजळी खरवडली. एका लहान भोकात कुंकवाचा खडा झाला होता, तो काडीनं काढला. चिंचेच्या रतीबामुळे बाकी तांबं लखलखत होतं. मग त्यानं नट कसले, आधी मधले, मग कडेचे, थोडे थोडे करून. शर्मिष्ठाबाई पूजा सांगावी तशा म्हणत होत्या, "घाई नको. एका बाजूले जास्त नको."

गाडी सुरू झाली. कुणाचा विश्वास बसेना. दिवाकरनं बॉनेटला कान लावला. चेतनाच्या सासूनं खिडकीतून विचारलं, "बंद पडली का हो?"

रविवारी तलावाची फेरी झाली. बगळे जागचे हलले नाहीत. तलावासमोर रणजितनं गाडी उजवीकडे घातली तर मागच्या सीटवरून चेतना म्हणाली, "भैया, प्रदक्षिणा उलटी होऊन राहिली." रणजितनं मुकाट्यानं गाडी वळवली आणि घरी येऊन उरल्याच्या भंगारवाल्याला फोन लावला. "कल मत आना. गाडी नहीं देनी." थोडं थांबून म्हणाला, "अब उसमें भगवान बैठे हैं."

दिवाकरनं जुनं, काळंठिक्कर गॅस्केट पायरीवर ठेवलं होतं. शर्मिष्ठाबाईंनी ते पदरानं पुसलं आणि देव्हाऱ्याच्या रिकाम्या जागी नेऊन ठेवलं. खरे चटके त्यानंच सोसले होते. आणि अंगणात पत्रे कापत बसणाऱ्यानं.