उत्तरेची सही

पिवळ्या पातीचं टोक जमिनीकडे वळलेलं होतं... एवढंच. बाकी गाठ बरोबर होती – दोन पीळ, तिसऱ्यातून पात आत ओढलेली, गळ्याशी घट्ट. वितालिस गुरुजींनी चष्मा सदऱ्याला पुसला आणि पुन्हा वाकून पाहिलं. वाकावं लागत होतं. पुळणीवर झुकलेल्या शेवटच्या माडाला ही कोवळी झावळी कुणीतरी फार खाली बांधली होती, गुरुजींच्या मांडीच्या उंचीवर, आणि ती इतकी ताजी होती की कापलेल्या कडेवरचा ओलावा अजून वाळला नव्हता.

हावेअर, मनाईची पात. ती दिसली की थांबायचं. आपल्या बेटावरच्या कुत्र्यांनासुद्धा हे कळतं, असं गुरुजी वर्गात म्हणत आणि पोरं भुंकून दाखवत. छत्तीस वर्षं त्यांनी शाळेच्या ओट्यावर पाढ्यांबरोबर ही गाठ शिकवली होती. बांधणाऱ्यानं आपल्या हद्दीत उभं राहायचं आणि टोक समोरच्याकडे करायचं. टोक म्हणजे बोट. बोट काय म्हणतं? – "इथं थांब!" सगळा वर्ग एका आवाजात. जमिनीचा धनी बांधतो तेव्हा टोक समुद्राकडे होतं, होड्यांकडे, परक्यांकडे. जमिनीकडे टोक करायचं तर बांधणाऱ्याला समुद्राच्या बाजूला उभं राहावं लागेल...

पिळाकडे मात्र त्यांनी नीट पाहिलं नाही. नजर तिथवर गेली आणि परत आली.

समुद्राच्या बाजूला समुद्र नव्हता. मेतीचे दिवस होते; वर्षातून एकदा पाणी असं मागे मागे जातं की दुपारपर्यंत क्षितिजाशी एक पांढरी रेघ तेवढी उरते आणि मधला सगळा तळ उघडा पडतो – गवत आडवं झालेलं, डबक्यांत अडकलेले तारामासे, आणि शांतता. लाटांचा आवाज जन्मापासून कानात असतो म्हणून ऐकू येत नाही, आणि तो थांबला की कुणीतरी बोलता बोलता गप्प झाल्यासारखं वाटतं. आज तीन वाजता सह्या होत्या. ही त्यांची माडांची पट्टी आज बाहेरच्या माणसाची होणार होती, तिच्यावर पाहुण्यांसाठी बंगले उठणार होते, आणि बंगल्यांसाठी म्हणून गावाला होड्या लागायचा धक्का मिळणार होता. आणि आजच कुणीतरी...

"मला काय विचारता?" पेत्रोनेला म्हणाली. शेजारीण, एम्बलच्या भाकरीसाठी कंदाचा कीस गोणपाटात भरून दगडाखाली दाबत होती. "गाठ तुमच्याच शाळेतली. चोर शोधायला निघालात तर अख्खं गावच तुमचा विद्यार्थी निघेल, गुरुजी!" स्वतःच्या बोलण्यावर ती पोटभर हसली, मग हात पुसून जवळ आली. "पण एक सांगते. त्या पातीपायी धक्का घालवू नका हां. जावई म्हणतोय, धक्का झाला तर परत येतो. तीन वर्षांत नातीचं तोंड पाहिलेलं नाही मी."

"नात डावरी आहे का गं तुझी?" गुरुजींनी विचारलं. का विचारलं, त्यांना कळलं नाही.

"अगं बाई! कशाला असेल डावरी?"

चर्चच्या पायऱ्यांवर फोन लागतो. अंबोनहून एमिलियाचा, त्यांच्या लेकीचा आवाज आला. पाठीमागे कुकरची शिट्टी.

"बाबा, चेष्टा असेल कुणाची तरी. सही करा आणि या. खोली रंगवून ठेवलीय तुमची. अहो, नऊ पोरांसाठी शाळा ठेवली नाही त्यांनी, एका म्हाताऱ्यासाठी गाव ठेवणारेत का?"

बरोबर होतं तिचं. एमिलियाचं नेहमीच बरोबर असतं. तिला मीच शिकवलं.

गावकारभारी मार्सेलिनुसच्या ओसरीवर मोजणीवाला कागद पसरून बसला होता. शहरातला पोरगेला माणूस, बुटांत वाळू गेलेली. चतुःसीमा लिहून घेत होता.

"पूर्वेला?"

"रेन्यानांचा माड. सही झाली."

"पश्चिमेला चर्च... दक्षिणेला रस्ता... उत्तरेला?"

"समुद्र," मार्सेलिनुस म्हणाला.

"लगतच्या मालकाची सही लागते."

"मग आज काही मिळत नाही बुवा. आज समुद्रच रजेवर गेलाय!"

ओसरीवरचे सगळे हसले. मोजणीवालाही हसला. गुरुजींनी हसायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं...

...कारण वर्ग असाच हसला होता. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी, याच मेतीत. ते तेवीस वर्षांचे, मास्तर होऊन तीन महिने झालेले. आणि दुसऱ्या बाकावर ओदिलिया, त्यांची धाकटी बहीण, आठ वर्षांची. तिचा डावा हात त्यांनी फडक्यानं बाकाला बांधून ठेवला होता, उजव्यानं लिहायची सवय व्हावी म्हणून. धडा हद्दीचा होता. आपली जमीन कुठपर्यंत? समुद्रापर्यंत! आणि ती उभी राहिली, बांधलेल्या हातामुळे वाकडी.

"दादा –"

"वर्गात गुरुजी म्हणायचं."

"गुरुजी, पण आज समुद्र तिथं नाहीये. मग आज आपली जमीन कुठपर्यंत?"

चांगला प्रश्न होता. पुढच्या छत्तीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला कुणी विचारला नाही. पण वर्ग हसला, आणि उत्तर येत नसलेल्या मास्तरानं, हसू आपल्यावर येऊ नये म्हणून, तिचा हात सोडला आणि म्हटलं – "जा. बघून ये. आणि हद्द सापडली की खूण बांधून ये."

आठ वर्षांचं मूल गुरुजींचं बोलणं चेष्टेवारी नेत नाही. ती गेली. ओट्यावरची एक कोवळी पात उचलून गेली. खिडकीतून ती लहान लहान होताना दिसत होती, आणि ते बाराचा पाढा घेत होते. आता परत बोलवू, हा पाढा झाला की, असं म्हणत तेराचा सुरू केला... मेतीचं पाणी परत येतं ते समोरून येत नाही. बाजूंनी येतं, आवाज न करता, आणि मग मागून.

शिंपल्या वेचायला गेली होती, असं त्यांनी सांगितलं. आईला, पाद्रीबाबांना, सगळ्या गावाला. वर्गातली एकवीस पोरं ऐकत होती. पोरं गुरुजींना खोटं पाडत नाहीत.

"गुरुजी! कुठं आहात?" मार्सेलिनुस त्यांचा खांदा हलवत होता. "मी म्हणतोय, बांधणारा पुढे येईपर्यंत पात ओलांडायची नाही, हा नियम. पण जमीन तुमची, तर गाठही तुमचीच समजू. तुमच्या हातानं सोडा, पात इथं आणून ठेवा, कुणाचा आक्षेप राहणार नाही. मात्र लौकर. यांची होडी पाण्याबरोबर सुटायची."

"उत्तरेचा रकाना मी रिकामा ठेवतो," मोजणीवाला म्हणाला.

भर दुपारी ते पुन्हा माडापाशी आले. सावली बुंध्याशी गोळा झाली होती. या वेळी त्यांनी पिळाकडे पाहिलं. पाहायचंच होतं, शिक्षकानं वही तपासताना डोळे मिटून कसं चालेल?

पीळ उलटा होता. डाव्या हाताचा.

असेल. ओदिलियानंतर त्यांनी कुठल्याच मुलाचा हात बांधला नाही. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहिलं. गावातून किती डावरे शिकून गेले... पण गेले. तुआलला, अंबोनला, त्याहून लांब. राहिलेली नऊ पोरं पलीकडच्या गावातल्या शाळेत जातात, आणि त्या नवांना मी ओळखतो. एकही डावरं नाही. आणि या उंचीला गाठ मारायची तर मोठ्या माणसाला गुडघे टेकावे लागतील, आणि वाळूत गुडघ्यांची खूण नव्हती. गुरुजींच्या सकाळच्या पावलांशिवाय कसलीच खूण नव्हती – जमिनीच्या बाजूला. समुद्राच्या बाजूची वाळू कडक होती, ओली, तिथं खूण उमटली तरी टिकत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

त्यांनी टोक धरून ओढलं. गाठ आणखी आवळली. अर्थात. हेही त्यांनीच शिकवलं होतं: ही गाठ समोरून सुटत नाही, बांधणाऱ्याच्याच बाजूनं सुटते.

म्हणून ते माडाला वळसा घालून पलीकडे गेले. दोनच पावलं. गुडघे टेकले. उजव्या हातानं बुंधा धरला होता, त्यामुळे डावा हात आपोआप पुढे झाला, आणि पुढे झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की बोटं अगदी बरोबर जागी पडताहेत, जणू या हातालाच ही गाठ पाठ आहे.

इथून गाव वेगळं दिसत होतं. खालून, लहानाच्या उंचीवरून – पत्र्यांची छपरं, चर्चचा क्रूस, कुलूप लावलेली शाळा, पेत्रोनेलाच्या चुलीचा धूर, त्यांचं स्वतःचं दार उघडं. पातीचं टोक या सगळ्याकडे रोखलेलं होतं. ओदिलियानं किती वेळा पाहिलं असेल हे? एवढी वर्षं मी समजत होतो की आमची जमीन समुद्रापर्यंत आहे. तिनं तर हद्द कधीच शोधली होती, सांगितल्याप्रमाणे खूणही बांधली होती. उत्तर तपासायला मीच आलो नाही.

लगतच्या मालकाचं नाव त्यांना ठाऊक होतं. पूर्ण नाव, आडनावासकट. हजेरीपटावरून त्यांनीच ते खोडलं होतं, एका सरळ रेघेनं.

रस्त्यावरून मार्सेलिनुस हात हलवत होता. "सुटली का हो, गुरुजी?" आवाज फार लांबून आल्यासारखा, पाण्याखाली ऐकू यावा तसा.

भीती वाटायला हवी होती. तिची त्यांनी वाट पाहिली. ती आली नाही. उजव्या अंगाला, बरंच बाजूला, वाळू काहीतरी पिते आहे असा बारीक आवाज सुरू झाला होता, आणि थोड्या वेळानं डाव्या अंगालाही. त्यांनी वळून पाहिलं नाही. टोक बोटांत होतं. एक हिसका दिला की सुटलं असतं, आणि सोडून दिलं असतं तर तसंच राहिलं असतं.

बोट काय म्हणतं?

"इथं थांब," गुरुजी हळूच म्हणाले. छत्तीस वर्षं त्यांनी हे शिकवलं होतं ते अडवणाऱ्याच्या आवाजात. आज प्रथमच त्यांना ते असं ऐकू आलं, की कुणीतरी कुणालातरी जवळ राहायला सांगतं आहे.