खिळ्यावरची टोपी

दगडूच्या दाराला एक खिळा आहे. सकाळी ठाण्याची ड्युटी संपवून तो घरी आला की वॉचमनची निळी टोपी त्या खिळ्यावर लटकते, आणि कल्याण पूर्वेतल्या त्या चाळीचा आवाज आपोआप खाली येतो. मिक्सर थांबतो. धुणं बडवायचं ते कोपऱ्यातल्या मोरीवर जातं. भाजीवाला गल्लीच्या तोंडाशीच टोपी बघतो आणि आरोळी गिळून टाकतो. हे कुणी ठरवलं नव्हतं. दगडू रात्रीचा जागतो, एवढंच सगळ्यांना माहीत होतं.

तो जागतो त्या काचेच्या टॉवरच्या लॉबीत एप्रिलातसुद्धा स्वेटर लागतो. त्या गारव्यात डोळा लागतोच. गेल्या महिन्यात तिथल्या कुणीतरी पेंगणाऱ्या दगडूचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. सुपरवायझर म्हणाला, "काका, परत दिसलात तर माझ्या हातात काही नाही." तेव्हापासून घरात दिवसाची झोप म्हणजेच नोकरी.

आणि दिवसा डोक्यावर पत्रा. तो तापला की खोलीची भट्टी होते. म्हणून त्याच्या बायकोने, रमाबाईने, दारातल्या जुन्या ड्रममध्ये दुधी लावला होता. भांडी विसळलेलं पाणी त्यालाच. वेल आधी आपल्या पत्र्यावर, मग शेजारच्या प्रीतीच्या पत्र्यावर गेला. ज्याच्या पत्र्यावर दुधी धरेल त्याचा तो, असा रिवाज. दगडूची खाट नेमकी वेलाखाली होती. पोळी-भाजी केंद्रावर पोळ्या लाटताना रमाबाई कधी पुटपुटायची,

माझ्या गं दारी वेल, वेल गेला पत्र्यावरी,
दिवसा निजे त्याच्या, धरी सावली डोळ्यांवरी.

मग एका संस्थेची अमृता आली. उन्हाळे वाढत चाललेत, पत्र्याला पांढरा रंग दिला की ऊन परत फिरतं, खोली थंड राहते, असं तिने समजावून सांगितलं. रंग फुकट. फक्त सगळ्या रांगेचा पत्रा सलग होता, तो पूर्ण मोकळा हवा होता.

"आणि वेल?" रमाबाईने विचारलं.

"काढावा लागेल, मावशी. त्याच्या खाली रंग बसणार नाही."

प्रीती बाजूलाच उभी होती. तिच्या कडेवरच्या बाळाची पाठ घामोळ्यांनी लाल झाली होती. तिच्या खाटेच्या वर वेल अजून पोचलाच नव्हता. रमाबाईने त्या पाठीकडे पाहिलं.

रंगाच्या आदल्या संध्याकाळी तिने स्वतःच विळा घेतला. बुंधा कापताना म्हणाली, "जा बाबा. तू पण दमलास."

"मामी," प्रीती म्हणाली, "राहू दे ना एक फांदी."

"अगं, एक ठेवून काय करू? बाहुलीला सावली?"

रंगाची माणसं सकाळी सातला येणार होती, म्हणजे दगडू येईपर्यंत काम उरकलं असतं. ती आली अकराला. रमाबाई केव्हाच कामावर गेली होती. टोपी खिळ्यावर होती. जयंतीच्या निळ्या पताका अजून गल्लीवर होत्या, वाऱ्याविना लोंबत.

एकाने शिडी लावली, पत्र्यावर पाय ठेवला. पत्रा धाडकन वाजला.

"ओ दादा, उतरा खाली," प्रीती दबक्या आवाजात म्हणाली. "मामा झोपलेत."

"अहो ताई, रंग मारायचाय. झोप काय, रात्री झोपतील."

"रात्रीच तर नाही ना झोपत ते. वॉचमन आहेत."

"मग आम्ही काय करायचं? चपला काढून चढू?"

"संध्याकाळी या. पाचला. मी चहा देते."

"आज नाही तर आमचं नाही सांगता येणार, ताई. माल पुढच्या वस्तीत जातो."

प्रीतीने एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा टोपीकडे. "पाचला या," ती पुन्हा म्हणाली. शिडी निघाली. डबे उचलले गेले.

आत दगडू टक्क जागा होता. वेल गेल्यावर पत्रा सकाळपासूनच पेटला होता. उशी ओली झाली होती. बाहेरचं सगळं त्याला ऐकू येत होतं. उठावं, दार उघडावं, म्हणावं, चालू द्या, मी जागाच आहे. मनाने तो दोनदा उठलासुद्धा. अंग काही उठलं नाही. पायांत जणू रात्रीचं ओझं तसंच होतं. तो दाराच्या फटीकडे बघत पडून राहिला, आणि शिडीचा आवाज लांब गेला.

पाचला कुणी आलं नाही. प्रीतीने फोन केला, तर अमृता म्हणाली, "रंग पुढच्या वस्तीत संपला हो. आता पुढच्या वर्षीच. सॉरी, खरंच."

रमाबाई घरी आली तेव्हा वेल ड्रमशेजारी सुकून पडला होता आणि पत्रा तसाच काळपट. प्रीतीने सगळं सांगितलं.

"अगं, उठवायचं ना त्यांना."

"टोपी होती ना, मामी."

रमाबाईने खिळ्याकडे पाहिलं. टोपी असताना तिने स्वतःही उठवलं नसतं.

दगडू डब्याची पिशवी घेऊन बाहेर आला. डोळे लाल, खालची कड सुजलेली. प्रीती पटकन पुढे झाली. "मामा, झोप झाली ना? मी त्यांना चढू दिलं नाही."

रमाबाईने नवऱ्याकडे पाहिलं.

"मस्त," दगडू म्हणाला. "अशी लागली की काही कळलंच नाही बघ. तू होतीस म्हणून."

प्रीतीच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा ताण जरा उतरला. ती बाळाच्या पाठीवर फुंकर घालत आत गेली.

"अहो," रमाबाई हळूच म्हणाली, "किती झोपलात?"

"मिरच्या दे दोन. हिरव्या. तिखट बघून."

तिने निवडून चार दिल्या. त्याने त्या खिशात टाकल्या. पहाटेच्या आधी डोळा जड होतो तेव्हा चावायला. मग खिळ्यावरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. "आज फोटो नाही काढू देणार," म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला.

तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत गल्ली गप्प होती. मग एका घरात मिक्सर लागला, दुसऱ्या घरात कुकरची शिट्टी झाली. रमाबाई दारात उभी राहून रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि सुकलेला वेल उचलून उद्यासाठी पत्र्यावर, खाटेच्या बरोबर वर, पसरू लागली.